जिनिंगचा मेन स्विच आणि सकाळचा पाऊण तास

बोंडअळीच्या वर्षातला पाच डिसेंबर, मंगळवार. व्हिजिट चार्ज फोनवरच ठरलेला, चारशे रुपये. जागा दारव्ह्याहून बोरी अरबकडे जाताना रस्त्याला लागणारं एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना. त्यातलं वजनकाट्याचं ऑफिस. हजर माणसं चार. मालक मधुकरराव गावंडे, काट्यावरच्या कॉम्प्युटर ऑपरेटर सुजाता मेश्राम, चौकीदार तुळशीराम आणि मी. दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर एक गोल फिरत होतं आणि त्याखाली तीस टक्के असा आकडा होता. तो हलत नव्हता. खिडकीबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दोन ट्रॅक्टर, सात-आठ छोटे हत्ती टेम्पो आणि मागे बैलबंड्या.

"रोजचं झालं शकीलभाई," मधुकरराव म्हणाले. "आठला बटन दाबते. पावनेनऊपावतर हा बाबा जागाच होत नाही."

"कधीपासून?"

"आमच्या मॅडमले विचारा. त्याइच्याच हाती असते."

सुजाताबाई टेबलामागे उभ्या होत्या. वय तिशीच्या आतबाहेर. एमएस-सीआयटी केलेलं, या जिनिंगवर तिसरा सीझन. त्या म्हणाल्या, "दिवाळी झाल्यापासून सर. आधी लवकर सुरू होत जाय."

"दिवाळी झाल्यापासूनच काहून? आधीबी हेच मशीन होतं ना?" मधुकरराव म्हणाले. सुजाताबाई स्क्रीनवरच्या आकड्याकडे वळल्या.

वाचकांसाठी आधी काट्याचं सांगतो. काटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म. भरलेली गाडी त्यावर चढते, वजन होतं. मग कापूस खाली होतो आणि रिकामी गाडी पुन्हा चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे कापूस. ही वजाबाकी कॉम्प्युटर करतो आणि पावती छापतो. कॉम्प्युटर बंद असला तरी काटा वजन दाखवतो, पावती हातानं लिहिता येते. पण त्या वर्षी हाताची पावती कोणी घेत नव्हतं. बोंडअळीनं निम्मा कापूस कवडी झाला होता. कवडी म्हणजे किडकी, पिवळी पडलेली बोंडं. तिचा भाव कापला जायचा. भाव तर गेलाच, निदान वजन तरी छापील असावं, असं लोकांचं म्हणणं होतं. त्यात चूक काही नव्हतं.

खिडकीच्या गजांतून एका म्हाताऱ्यानं आत डोकावलं. "झाला का नाही चालू? कापूस अळीनं खाल्ला, आता टाइम हा डब्बा खाऊन राह्यला."

"होते बाबा, होते," सुजाताबाई म्हणाल्या.

"तू तं कालबी हेच म्हणत होती."

मधुकररावांनी मला बाजूला घेतलं. आवाज कमी केला नाही, फक्त जागा बदलली. "हे पाहा. माह्या पुण्याच्या भाच्याले विचारलं. तो म्हणते, कोनी तरी पिक्चर-गाने टाकले असन, नाही तं व्हायरस. इथं मशीनले हात लावनारं दुसरं कोनी नाही. मी सोमवारपासून दारव्ह्याचा एक पोरगा सांगून ठेवला आहे. तुम्ही फक्त बिलावर लिहून द्या, चुकीच्या वापरानं बिघडलं म्हणून. म्हणजे मले काढाले कारण होते."

मी म्हटलं, "भाऊ, अजून मी मशीन उघडलं पण नाही."

"उघडा ना मग."

डिसेंबरात काट्यावरून काढलेल्या माणसाला त्या सीझनमध्ये दुसऱ्या जिनिंगवर जागा मिळत नाही. सगळ्यांनी ऑपरेटर ऑक्टोबरातच धरलेले असतात. त्या वर्षी तर आवक इतकी कमी होती की जिनिंगं एकाच पाळीत चालत होती. सुजाताबाईंच्या घरी नवऱ्याचं काम लागेल तसं होतं. महिन्याला ठरलेले पैसे आणणाऱ्या त्याच एकट्या. पगार साडेसात हजार. मशीन उशिरा सुरू झालं त्यातल्या पाच दिवसांचा अर्धा-अर्धा रोज मालकांनी कापला होता, हे त्यांनीच मला सांगितलं. तक्रार म्हणून नाही. मी विचारलं होतं की मालकांना या त्रासाची माहिती कधी दिली, त्यावरून निघालं.

पावणेनऊच्या सुमारास मशीन जागं झालं. गाड्या काट्यावर चढू लागल्या. मला मशीन जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता मिळालं.

माझी पद्धत अशी. आधी हार्ड डिस्क तपासायची. हार्ड डिस्क म्हणजे जिथे सगळं साठवलेलं असतं ती पेटी. ती मरायला लागली की मशीन हळू होतं आणि नंतर एक दिवस सुरूच होत नाही. ती चांगली निघाली. मग मेमरी. तीही ठीक. मग मशीन सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्राम. तिथे दोन अँटिव्हायरस सापडले. एक जुना, एक नवा. एकाच दारावर दोन चौकीदार ठेवले की ते एकमेकांनाच अडवतात, तसं हे. जुना काढून टाकला. पिक्चर शोधले. नव्हते. गाणी सहा होती, सगळी भीमगीतं. सहा गाण्यांनी मशीन थकत नाही. व्हायरसही नव्हता.

मग मशीन रिस्टार्ट केलं. तीन मिनिटांत सुरू झालं. पुन्हा केलं. तीन मिनिटं. मधुकरराव जेवून आले, त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा केलं. तेवढीच.

मला वाटलं, झालं काम. पण मधुकररावांनी त्यातून वेगळाच अर्थ काढला.

"म्हणजे तुमच्या हातून तीन मिनिटात होते अन् हिच्या हातून पाऊण तास. आता अजून काय पाह्यजे?"

"भाऊ, मी दोनातला एक अँटिव्हायरस काढला."

"तो कोनं टाकला होता?"

याचं उत्तर सुजाताबाईंनी दिलं. "तुमच्या भाच्यानं साहेब. गणपतीत आलते तवा."

मधुकररावांनी यावर पाण्याचा ग्लास उचलला. मी बिल केलं नाही. म्हटलं, उद्या सकाळी मशीन कसं सुरू होतं ते बघू, मग बिल. निघालो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दुकान उघडत होतो तेव्हाच फोन वाजला.

"शकीलभाई, तेच. पाऊण तास."

"सुजाताबाईंनी लावलं का?"

"त्या कुठल्या आज येतात? सहा डिसेंबर आहे. त्याइच्या विहारात कार्यक्रम राह्यते, ही सुट्टी त्याइची दरवर्षीची ठरेल आहे. आज मीच लावलं, माह्या हातानं."

"मग तुमच्या हातूनही पाऊण तासच लागला ना?"

ते म्हणाले, "काल संध्याकाळी जाताना काही तरी करून गेली. तेच म्हणतो मी. तिले समजलं, आपल्याले काढून राह्यले. म्हणून मुद्दाम."

रागावलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा एक नाव बसलं की प्रत्येक गोष्ट त्याच नावाला जाऊन चिकटते. पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला उपयोगाची वाटली. काल संध्याकाळी जाताना. मी हे मशीन सुरू होताना पाहिलं होतं. चालू असताना पाहिलं होतं. तीनदा रिस्टार्ट केलं होतं. पण संध्याकाळी बंद होताना एकदाही पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "आज मशीन तुम्हीच बंद करा. तोपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका. मी संध्याकाळी येतो. नुसतं बघायला. याचे पैसे नाहीत."

आठ दिवसांच्या आत तीच तक्रार आली तर दुसऱ्या व्हिजिटचे पैसे घ्यायचे नाहीत, हा माझ्या दुकानाचा नियम आहे.

साडेसहाला पोचलो. अंधार पडला होता. दिवसभर मधुकररावांनी एका बोटानं वजनं टाइप केली होती आणि त्यांचा चेहरा ते सांगत होता. रांगेतली शेवटची बंडी रिकामी होऊन काट्यावरून उतरली. हिशेबाची फाइल त्यांनी बंद केली.

"करू बंद?"

"करा. रोज जसं होते तसं. मी काही बोलणार नाही."

त्यांनी शट डाऊनवर माउस नेला. क्लिक केलं. स्क्रीन निळी झाली. त्यावर इंग्रजीत ओळ आली की अपडेट बसवणं चालू आहे, तेवीसपैकी पहिलं, मशीनची वीज बंद करू नका. मधुकररावांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली. मग हात पुढे करून स्क्रीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली. रुईचा भुगा बसू नये म्हणून ठेवलेलं कापडी कव्हर त्यांनी तिच्यावर घातलं, ट्यूबलाइट बंद केली आणि दारातून आवाज दिला, "तुळशीराम, पाड."

बाहेर चौकीदार खिडकीसमोर उभा होता. त्यानं एकदा अंधाऱ्या खिडकीकडे पाहिलं, पॅनलकडे गेला आणि मेन स्विचचा दांडा खाली ओढला. खट असा आवाज झाला. सगळ्या आवारातले दिवे गेले. टेबलाखाली लाकडी कपाटात ठेवलेला कॉम्प्युटरचा डबा, ज्याला लोक सीपीयू म्हणतात, त्याचा पंखाही त्याच वेळी थांबला. तो आतापर्यंत फिरत होता. कपाटाचं दार बंद असल्यामुळे कोणाला ऐकू येत नव्हता. मी वाकून त्या दाराला कान लावला होता म्हणून मला आला.

"झालं," मधुकरराव अंधारात म्हणाले. "दिसलं काही?"

"दिसलं. उद्या सकाळी पुन्हा पाऊण तास लागणार."

"काहून? मी काय केलं?"

"तुम्ही तेच केलं, जे सुजाताबाई रोज करतात."

तुळशीराम टॉर्च घेऊन आला. मी विचारलं, "काका, मेन पाडायचा हे तुम्हाला कसं समजते?"

"खिडकीतला उजेड गेला का पाडाचा. मालकाचा हुकूम आहे."

"अन् उजेड असला तर?"

"तं थांबाचं. पन जास्त थांबलो तं मलेच बोलनी बसते."

हा हुकूम कुठून आला, ते मधुकररावांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका तापलेल्या बोर्डाची ठिणगी रुईत गेली. सकाळपर्यंत अर्धं गोदाम जळालं. "रुई जळते तशी दुसरी कोनतीच गोष्ट जळत नाही शकीलभाई. आत आत धुमसते. वरून पाणी मारा, खाली आग." त्या दिवसापासून नियम. काम संपलं की सगळ्या आवाराचा मेन बंद. एक बल्ब नाही, एक चार्जर नाही. कॉम्प्युटरला यूपीएस होता, पण त्याची बॅटरीही त्यांनी काढायला लावली होती. रात्री वीज साठवून ठेवणारी कोणतीही वस्तू रुईजवळ नको.

नियम बरोबर होता. अडचण एवढीच होती की कॉम्प्युटरला तो माहीत नव्हता.

आता अपडेट म्हणजे काय ते सांगतो. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो, तिच्यात चोरांना शिरता येईल अशा फटी सापडत राहतात. त्या बुजवण्यासाठी कंपनी इंटरनेटवरून तुकडे पाठवते. हे तुकडे दिवसा गुपचूप येऊन पडतात आणि मशीन बंद करताना बसवले जातात. त्याला दहा मिनिटंही लागतात, तासही लागतो. रिस्टार्ट केलं तर या जुन्या सिस्टीमवर ते बसत नसत, तसेच पडून राहत. म्हणून मंगळवारी तिन्ही वेळा मशीन तीन मिनिटांत उठलं आणि मी फसलो.

"पन मंग आधी का होत नव्हतं?" मधुकररावांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता.

"आधी याला इंटरनेट होतं का?"

त्यांनी विचार केला. "जीएसटीचं सुरू झालं तवा सीएनं घ्यायले लावलं. दिवाळीच्या टायमाले बसवलं."

म्हणजे मशीन इतकी वर्षं इंटरनेटशिवाय चाललं होतं. दिवाळीला ते जोडलं आणि मागच्या सगळ्या वर्षांचे अपडेट एकदम येऊन पडले. रोज संध्याकाळी मशीन ते बसवायला घ्यायचं. रोज तुळशीराम मेन पाडायचा. सकाळी मशीनला कळायचं की काम अर्धवट राहिलं. मग ते आधी अर्धवट बसवलेलं सगळं काढून पूर्वीसारखं करायचं. त्यातच तो पाऊण तास जायचा. संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून.

"भाऊ, प्रेसमध्ये गाठ अर्धी दाबली अन् लाइट गेली तर तुम्ही काय करता?"

"काय करनार? रुई बाहेर काढा लागते. मंग पुन्हा भरा."

"हा तेच करून राह्यला. दिवाळीपासून रोज."

मधुकरराव टॉर्चच्या उजेडात खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "स्क्रीनवर लिहून येते ना, बंद करू नका म्हणून. मंग तिनं काहून केली?"

"भाऊ, आत्ता तुम्हीही वाचलं."

"मी तं फक्त स्क्रीन बंद केली."

तुळशीरामनं टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

गुरुवारी सकाळी मी पुन्हा गेलो. मशीन अर्थातच पाऊण तास घेऊन उठलं. सुजाताबाईंना विचारलं की त्या रोज कसं बंद करतात.

"शट डाऊन करते. मंग ते लिवून येते, टर्न ऑफ करू नका. म्हणून मी सीपीयूच्या बटनाले हातच लावत नाई सर. निस्ती स्क्रीन बंद करते. उजेड दिसला तं काका मेन पाडत नाईत, अन् मेन पडल्याबिगर मले निंघता येत नाई."

"ते पूर्ण होईपर्यंत थांबून पाहिलं का कधी?"

"थांबू कशी? सव्वासातले बोरीची शेवटची काळीपिवळी जीप आहे. थे गेली तं मंग मी इथंच. एक दिवस साहेबाले म्हटलं बी, हे रोज कायतरी लिवून येते म्हणून."

मी मधुकररावांकडे पाहिलं.

"म्हटलं असन," ते म्हणाले. "सीझनमध्ये माह्या कानावर दिवसाचे शंभर जन काही ना काही म्हणतात."

मग ते व्यवहारावर आले. उपाय काय. मी पहिला उपाय सांगितला. ऑफिससाठी मेनच्या आधीपासून वेगळी लाइन ओढायची. ते नाही म्हणाले. रात्री आवारात जिवंत तार नको. दुसरा उपाय, यूपीएसला बॅटरी. तेही नाही. तिसरा उपाय त्यांनीच काढला.

"रोज मशीन पुरं बंद होईपावतर ही थांबन. अर्धा तास, तास, जे लागन ते. मंग तुळशीराम मेन पाडन."

सुजाताबाई म्हणाल्या, "अन् मी घरी कशी जाऊ साहेब?"

"ते तू पाह्य."

"मंग सरळ म्हणा ना, सोमवारपासून येऊ नको. हे फिरवून कायले म्हणता?"

आवाज चढलेला नव्हता. पण हातातली पावत्यांची गड्डी त्यांनी टेबलावर ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. काट्यावर ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोणी हललं नाही.

मला लोकांच्या नोकऱ्यांत बोलायची सवय नाही. मी मशीनपुरतं बोलतो. पण इथे मशीनपुरतं बोलणंच पुरेसं होतं. मी विचारलं, "भाऊ, एक ते दोन जेवणाच्या सुट्टीत मेन चालू असते ना?"

"असते. प्रेसवाले काम करतात."

"तुम्ही स्वतः कुठे असता?"

"इथंच. डबा इथंच खातो."

"मग अपडेट संध्याकाळी कशाला? याच्यात वेळ ठरवून देता येते. रोज दुपारी एकला बसव, असं सांगायचं. दोनपर्यंत होऊन जाईल. संध्याकाळी नुसतं बंद. दोन मिनिटं. कोणाला थांबायचं काम नाही अन् रात्री वायरमध्ये वीज नाही."

"असं होते?"

"होते. पण आधी हा मागचा ढीग संपवावा लागेल. तो तासाभरात संपणार नाही. एक पूर्ण दिवस मशीन अन् मेन, दोन्ही चालू पाहिजे."

"रविवारी बंद राह्यते जिनिंग. पन मेन मी असल्याशिवाय चालू ठेवत नाही."

"मग तुम्ही या."

ते ट्रॅक्टरकडे पाहत म्हणाले, "येतो."

रविवारी नऊला आम्ही तिघं होतो. मधुकरराव, तुळशीराम आणि मी. मालकांनी पॅनलशेजारी वाळूच्या बादल्या मांडून ठेवल्या होत्या आणि स्वतः खुर्ची टाकून पॅनलसमोर बसले होते. मी अपडेट तुकड्या-तुकड्यानं बसवले. प्रत्येक वेळी मशीन बंद व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आकडा चढायचा. दोन अपडेट अडले, ते वेगळे काढून बसवले. मधुकरराव दर थोड्या वेळानं येऊन आकडा बघायचे. एकदा तो पस्तीसवर अर्धा तास अडला, तर म्हणाले, "बंद करून पुन्हा लावायचं का?"

तुळशीराम दारातूनच म्हणाला, "मालक, आता तुमीच म्हणता व्हय?"

मधुकरराव खुर्चीवर जाऊन बसले.

चारच्या सुमारास ढीग संपला. दुपारी एकची वेळ लावली. कपाटाच्या दाराला मी एक छिद्र पाडून दिलं, सीपीयूवरचा निळा दिवा बाहेरून दिसावा म्हणून. तुळशीरामला सांगितलं की यापुढे खिडकीतून बघायचं नाही. आत यायचं. हा निळा दिवा विझला की मेन पाडायचा. त्यानं वाकून छिद्रातून पाहिलं आणि म्हणाला, "इतलुसा दिवा. अन् याच्यापायी एवढं."

मग मी बिल केलं. दोन व्हिजिट, मंगळवार आणि रविवार, आठशे रुपये. रविवारचं काम वेगळं; बुधवार आणि गुरुवारच्या फेऱ्या त्याच तक्रारीच्या, म्हणून त्यांचे नाहीत. कामाच्या रकान्यात लिहिलं: अपडेट पूर्ण होण्याआधी रोज मेन बंद होत असल्यामुळे मशीन उशिरा सुरू होत होतं, वेळ बदलून दिली, ऑपरेटरच्या वापरात दोष आढळला नाही.

मधुकररावांनी ते दोनदा वाचलं. "हे शेवटचं लिहाची काय गरज होती? नुसतं तांत्रिक कारण लिहिलं असतं तं चाललं असतं."

"भाऊ, वापराचं लिहून द्या असं तुम्हीच म्हटलं होतं. तपासलं तसं लिहिलं."

त्यांनी बिल खिशात घातलं आणि मोबाइल काढला. दारव्ह्याच्या त्या पोराला फोन लावला. "हां, गावंडे बोलतो. उद्या येऊ नको. नाही, जागा नाही. पुढच्या साली पाहू." एवढंच. आठशे रुपये रोख दिले. घासाघीस केली नाही.

सोमवारी सकाळी आठनंतर सुजाताबाईंचा फोन आला. मशीन तीन मिनिटांत उठलं होतं. मागे कोणीतरी वजनाचा आकडा ओरडून सांगत होतं, त्यामुळे त्या जास्त बोलल्या नाहीत.

या धंद्यात मी एक गोष्ट तेव्हापासून पाळतो. मशीन हळू सुरू होतं अशी तक्रार आली की आधी विचारतो, बंद कोण करतं, आणि त्यानंतर बोर्डाचं बटण कोण बंद करतं. ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात आणि दोघंही आपापलं काम बरोबर करत असतात. बिघाड त्या दोघांच्या मध्ये असतो. तिथे बघायला कोणी जात नाही, कारण तिथला दोष कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

जानेवारीत सुजाताबाई मोबाइलची काच बदलायला दारव्ह्याला आल्या होत्या. माझं ते काम नाही, शेजारच्या दुकानात पाठवलं. काच बसेपर्यंत माझ्याकडे बसल्या. म्हणाल्या, डिसेंबरचा पगार झाला त्या दिवशी साहेबांनी वेगळं एक व्हाउचर पुढे सरकवलं. सही कर म्हणाले. पाच अर्ध्या रोजांचे सव्वाशेच्या हिशेबानं सहाशे पंचवीस रुपये.

"कारण काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"ओव्हरटाइम," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "मी तं एक दिवस बी सातच्या पुढं थांबली नाई सर."

तर एकूण असं दिलं गेलं. मला आठशे. सुजाता मेश्राम यांना सहाशे पंचवीस, ओव्हरटाइमचे.